वारा पडला की

महदिया, ४ मे

लासाद,

हे कामाचं पत्र आहे. रडगाणं नाही, भांडण नाही, तब्येतीची चौकशीसुद्धा नाही. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस आणि बोटीवर एरवीही तुला फोन लागत नाही, म्हणून कागद. पत्ता तुझ्या काकांचा, सिसिलीतल्या माझारा बंदरातला. बोट किनाऱ्याला लागली की ते तुझ्या हातात देतील.

तर काम असं की गाणं झालं! लासाद, झालं! लोकांसमोर जाणारं माझं पहिलं गाणं. शौकीने बसवलंय. हो, तोच शौकी, लग्नात कीबोर्ड वाजवणारा, तुझ्याच वर्गातला, ज्याला तू टिंगटिंग म्हणायचास. त्याच्या काकांचं मिठाईचं दुकान बंद पडलंय, तिथे भिंतींना घोंगड्या टांगून आम्ही रेकॉर्डिंग केलं. बाहेर कुणी स्कूटर चालू केली की थांबायचं, ती गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शौकी रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडले. सूसमध्ये दोन मुली मिळून गाण्यांची एक छोटी कंपनी चालवतात. त्यांनी ऐकलं आणि ऐकता ऐकताच म्हणाल्या, जूनच्या पहिल्या शुक्रवारी बाहेर काढू. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावते आणि मनातल्या मनात नाचते.

आता तुझा संबंध. गाणं आपल्यावर आहे. नाव घेतलेलं नाही, पण आहे. आणि त्यात तुझा आवाज आहे. तू इथल्या बोटीवर होतास तेव्हा एकदा खोल समुद्रातून निरोप पाठवला होतास, मागे वारा नुसता घोंघावतोय आणि तू ओरडतोयस, ‘दोर्साफ, वारा पडला की येतो! चहा ठेव!’ तो माझ्या जुन्या फोनमध्ये राहिला होता. गाणं मध्येच थांबतं, तुझा आवाज येतो आणि मग मी सुरू करते:

वारा पडलाय,
पानसुद्धा हलत नाही,
आता कुठलं निमित्त सांगशील?

कंपनीतल्या मुली म्हणतात, त्याचा लेखी होकार हवा. तेव्हा एका ओळीत कळव, हो की नाही. तुझ्या आईच्या हाती निरोप दिलास तरी चालेल.

मी मजेत आहे. विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

दोर्साफ


महदिया, २१ मे

लासाद,

उत्तर नाही. बोट बाहेर असेल. तुझी आई मासळीबाजारात दिसली होती, पण मला बघून तिने मान फिरवली, म्हणून विचारता आलं नाही.

काम तेच आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल बाबांनी गाणं ऐकलं.

मला सूसला जायचं होतं, म्हणून त्यांच्याच गाडीत पुढे बसले. मागे नेहमीसारखे उतारू खचाखच. एक सुट्टीवर निघालेला शिपाई, मांडीवर बकलावा मिठाईची ताटं घेतलेली एक बाई, बाकीचे झोपलेले. बाबा म्हणाले, ‘ते तुझं गाणं गाणं म्हणतेस ते लाव की, बघू तरी.’ मी लावलं. पहिल्या कडव्याला बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायला लागले. ‘ही तू? खरंच तू? अगं, मग मोठ्याने लाव!’ शिपाई जागा झाला. मला आनंदाने खिडकीतून उडी मारावीशी वाटली.

आणि मग तुझा आवाज आला.

बाबांनी असा ब्रेक मारला की बकलावा शिपायाच्या डोक्यावर.

‘हा कोण?’

‘कोण म्हणजे? गाण्यातला माणूस.’

‘दोर्साफ, माझे केस पिकलेत, कान नाही पिकलेले. हा हनियाचा पोरगा. त्या गाढवाचा आवाज माझ्या गाडीत?’

मागून ताटवाली बाई ओरडली, ‘अहो, गाडी चालवा आधी! बापलेकीचं भांडण सूसला पोचल्यावर करा. आणि ए पोरी, परत लाव गं, या ब्रेकच्या नादात शेवट ऐकायचा राहिला.’

सूस येईपर्यंत परत परत लागलं. शिपायाला पाठ झालं. ताटवालीने मला बकलावाचा फुटका तुकडा दिला आणि म्हणाली, ‘हा तुझा गाण्यातला माणूस दिसायला बरा आहे का?’ मी म्हटलं, नाही. खोटं बोलले की खरं, ते तू ठरव.

उतरताना बाबा म्हणाले, ‘गाणं चांगलं झालंय. पण तो येतो म्हणाला ना? मग आला का?’

‘बाबा, ते नुसतं गाणं आहे.’

‘मी गाण्याचंच विचारतोय,’ म्हणाले आणि गाडी वळवून निघून गेले.

शुक्रवार जवळ येतोय. हो की नाही, लासाद?

दोर्साफ


महदिया, १६ जून

लासाद,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून तुला काढला.

शौकी माझ्यावर केवढा चिडला म्हणून सांगू! ‘वेडी आहेस का? ते वाक्य म्हणजेच गाणं आहे!’

‘आवाज त्याचा आहे. त्याने हो म्हटलेलं नाही.’

‘अगं, त्याला विचारतंय कोण? तो तिकडे कोळंबी पकडतोय!’

पण मी हटले नाही. शौकीने तोंड वाकडं करून तुझं वाक्य कापलं आणि त्या जागी काय भरावं म्हणून एकेक लावून बघायला लागला. बासरी लावली, लाटांचा आवाज लावला, एकदा तर मांजर लावलं. मध्ये एकदा चुकून काहीच न लावता गाणं सुरू झालं. सूर चढत आला आणि थांबला. चार सेकंद काहीच नाही. आणि मग मी, ‘वारा पडलाय...’ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शौकी दाढी खाजवत म्हणाला, ‘थांब. हात लावू नकोस. काही घालू नकोस.’

तसंच बाहेर आलं.

पहिले दोन दिवस कोणी विचारलं नाही. मी दुकानात चष्मे पुसत बसले आणि मनाची समजूत घालत राहिले, की घरच्यांनी ऐकलं, पुष्कळ झालं. तिसऱ्या दिवशी बारावीच्या पोरींची परीक्षा संपली. समुद्राच्या भिंतीवर बसून त्यांनी हे गाणं म्हटलं, आणि ती रिकामी जागा आली तेव्हा त्यांच्यातली एक जिवाच्या आकांताने ओरडली, ‘अल्लाह, गणितात पास कर!’ बाकीच्या हसून हसून भिंतीवरून पडायच्या बाकी. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि बस, लासाद, बस! दोन दिवसांत सगळ्या गावाने ते पाहिलं, मग सूसने, मग ट्यूनिसने. आता कुठेही गाणं लागलं की त्या जागेत ज्याला जे हवं ते तो ओरडतो. कुणी व्हिसा म्हणतं, कुणी पाऊस म्हणतं. लग्नात नवऱ्याचे मित्र नवऱ्याचं नाव ओरडतात. काल आमच्या गल्लीतल्या वरातीत शौकीला तेच गाणं इतक्या वेळा वाजवावं लागलं की तो म्हणाला, आता बोटं मोडून दे माझी.

आज दुकानात एक म्हातारी नवा चष्मा घालून बघत होती. रेडिओवर मी गात होते (रेडिओवर! मी!). तिला ठाऊक नव्हतं की मीच ती. रिकामी जागा आली आणि आरशात बघता बघता ती अगदी हळू म्हणाली, ‘सालह.’

मी विचारलं, ‘सालह कोण, मावशी?’

‘माझा नवरा. गेला बिचारा. असंच तोंडातून आलं गं.’ मग डोळे पुसून म्हणाली, ‘ही काच धूसर आहे, दुसरी दाखव.’

काच स्वच्छ होती. मी दुसरी दाखवली.

तू गाण्यात नाहीस ते एका अर्थी बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगते.

दोर्साफ


महदिया, २८ जून

लासाद,

आज तुझी आई दुकानात आली. आली म्हणजे घुसली. मासळीची पिशवी काचेच्या काउंटरवर आपटली आणि दुकान भरलेलं असताना सुरू झाली.

‘माझ्या पोराला कापून टाकलंस!’

‘हनियामावशी, हळू बोला. त्याची परवानगी नव्हती, म्हणून...’

‘त्याची परवानगी? नऊ महिने पोटात मी वागवला, परवानगी माझी घ्यायची!’

मालक मागच्या खोलीत पळाले. गिऱ्हाइकं खुर्च्या ओढून नीट बसली. तुझी आई पुढे म्हणाली की शौकीने तिला पहिलं गाणं ऐकवलं, तुझ्या आवाजाचं. ‘वर्षभर फोनवर नुसतं “बरा आहे आई, जेवलो आई”. मेल्याचा आवाज ऐकून वाटतं, बँकेतून कुणी बोलतंय. आणि तुझ्या गाण्यात माझा पोरगा होता! तसा ओरडणारा! तोच काढलास?’ आणि ती रडायला लागली. मीही. चष्म्याच्या दुकानात रडण्याची एक सोय असते, पुसायला मऊ फडकी भरपूर.

मग नाक पुसून ती म्हणाली, ‘तुझी पत्रं पोचलीत त्याला. सगळी.’

‘मग उत्तर?’

‘तो म्हणतो, तिला माणूस नको आणि आवाज हवा, हा कुठला न्याय?’

असं म्हणालास तू? असं?

मग हे कामाचं पत्र नाही, जा.

मी ‘नको’ कधी म्हटलं, लासाद? गेल्या वसंतात तुझी आई मिठाई घेऊन आली, माझ्या बाबांनी हो म्हटलं, मी हो म्हटलं. मग तुला काकांच्या बोटीवर नोकरी मिळाली आणि तू म्हणालास, महिन्याभरात लग्न आणि लगेच तिकडे. मी म्हटलं, एक वर्ष दे, मला हे गाणं पुरं करू दे, माझ्याकडे एवढं एकच काम असं आहे जे मला येतं. तू म्हणालास, ‘मग गाण्याशीच लग्न कर,’ आणि गेलास. ‘एक वर्ष दे’ याचा अर्थ ‘नको’ होतो, हे तुला कोणत्या शाळेत शिकवलं? मी नाही शिकले तिथे. मी इथे बसून तुझ्यावरच गाणं लिहिलं. जिला माणूस नको असतो, ती त्याच्यावर वर्षभर एकच गाणं घासूनपुसून लिहीत बसते का?

आवाज हवा होता, कारण माझ्याकडे तेवढाच उरला होता.

जाताना तुझी आई दारात थांबली. ‘तो विचारत असतो, ती बारीक झाली का. मी सांगायचे, मी बघत नाही तिच्याकडे. आज बघितलं. झालीस बारीक. हे मुलेट मासे तळून खा.’ पिशवी ठेवून गेली. आज माझ्या दुकानात सगळे चष्मे मासळीच्या वासाचे आहेत.

खाल्लं. आईने तळलं, बाबांनी काटे काढून दिले आणि हनियाचं नाव न घेता म्हणाले, मासा ताजा आहे.

दोर्साफ


महदिया, २४ जुलै

लासाद!

तुझं पत्र! अर्धंच पान, डिझेलचा वास, अक्षर तेच, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. पोस्टमनच्या समोर उभ्याने वाचलं. त्याने विचारलं, ‘बातमी चांगली ना?’ मी त्याच्या गालाचा मुका घेतला. तो पेन्शनीला आलाय, तरी लाजला.

तू लिहितोस, बोटीवर सगळे हे गाणं म्हणतात, सिसिलीचा स्वयंपाकीसुद्धा, एकही शब्द न कळता. लिहितोस, ती जागा आली की प्रत्येक जण आपापलं काहीतरी ओरडतो आणि मी एकटा गप्प उभा असतो, कारण ती जागा माझी होती हे त्यांना कसं सांगू. आणि मग खाली, खोडून खोडून लिहिलेलं: ‘आवाज घाल, माझी हरकत नाही. नाहीतर सांग, त्या जागेत मी काय म्हणू?’

आवाज आता घालणार नाही. रागाने नाही, लासाद. ती जागा आता त्या म्हातारीची आहे, परीक्षेच्या पोरींची आहे. त्यांच्याकडून काढून तुला कशी देऊ? तू काय म्हणायचंस ते तुझं तू बघ. पण गप्प उभा राहू नकोस, एवढंच.

आता माझी बातमी. नीट बसून वाच. माझारातल्या आपल्या महदियाच्या लोकांचं मंडळ ऑगस्टमध्ये मासळीची जत्रा भरवतं ना? त्यांचं बोलावणं आलंय. मला आणि शौकीला! बोलावण्यावर सही तुझ्या काकूची आहे. तू म्हणशील मला काही माहीत नाही. म्हण.

व्हिसासाठी ट्यूनिसला गेले होते. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले, कपाळाला आठ्या. ‘परत येणार कशावरून? तरुण आहात, लग्न नाही, जमीन नाही.’ एवढं सगळं होऊन एका खिडकीशी अडणार असं वाटलं. मी म्हटलं, ‘मॅडम, पुढच्या महिन्यात सूसला माझा कार्यक्रम आहे, तिकिटं विकली गेलीत, परत नाही आले तर शौकीला लोक मारतील.’ तिने वर पाहिलं. ‘कसला कार्यक्रम?’ ‘गाण्याचा.’ ‘कुठलं गाणं?’ मी सांगितलं. ती उठली. कागद घेऊन आत गेली. चार दिवस मी जेवले नाही. पाचव्या दिवशी पासपोर्ट हातात आला आणि आत शिक्का! शिक्का, लासाद! मी रस्त्यातच गायला लागले. एका पोलिसाने सांगितलं, ताई, बाजूला उभं राहून गा.

तू जत्रेच्या वेळी समुद्रात असशील की किनाऱ्यावर, ते मी विचारत नाही. मी गायला येतेय. परतीचं तिकीट काढलंय, ते फाडायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

दोर्साफ


पालेर्मोच्या जहाजावर, १३ ऑगस्ट, सकाळ

लासाद,

हे पोस्टात टाकायचं नाही. हातात द्यायचं.

काल बाबांनी स्वतः येऊन मला ट्यूनिसजवळच्या ला गुलेत बंदरावर सोडलं. उतारू घेतले नाहीत, अख्खी गाडी माझ्यासाठी. मागे शौकी, त्याचा कीबोर्ड, माझ्या आईने दिलेला हरिसाच्या तिखट चटणीचा डबा आणि तुझ्या आईने तुझ्यासाठी दिलेल्या तीन पिशव्या. तुझी आई निरोपाला आमच्या दारात आली होती. माझ्या बाबांशी एक वर्षाने बोलली. ‘गाडी सावकाश चालवा,’ म्हणाली. बाबा म्हणाले, ‘तुमच्या पिशव्यांनी गाडी आपोआपच सावकाश चालेल.’ दोघं हसले. मी काही दिसलं नाही असं दाखवून कीबोर्ड चढवत राहिले.

रस्त्यात शौकी झोपल्यावर बाबांनी विचारलं, ‘त्याने पुन्हा विचारलं तर काय सांगशील?’

‘हो सांगेन.’

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. ‘आणि गाणं?’

‘तेही. वर्षातला थोडा काळ तिकडे, बाकी इथे. त्याला जमणार असेल तर.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर गाऊन परत येईन, बाबा. न्यायला या.’

‘न्यायला तर येणारच आहे,’ ते म्हणाले. ‘एकीला न्यायचं की दोघांना, तेवढं आधी कळव. सीट राखून ठेवायला बरं पडतं.’

जहाजावर आम्हाला कुणीतरी ओळखलं. शौकीला. मला नाही, बघ! त्याला परीक्षेच्या पोरींच्या वयाच्या एका मुलीने विचारलं, तुम्हीच ना वरातीच्या त्या व्हिडिओत कंटाळून कीबोर्डवर डोकं ठेवणारे? मग काय, जेवणाच्या मोठ्या खोलीत गावंच लागलं. सुट्टी संपवून परत निघालेली कुटुंबं, टोमॅटो तोडायला निघालेली पोरं, एक बाई चार मुलांना घेऊन नवऱ्याकडे चाललेली. रिकामी जागा आली तेव्हा सगळी खोली एकदम ओरडली. आईची नावं, गावांची नावं. त्या बाईची धाकटी मुलगी ओरडली, ‘बाबा!’ मला पुढची ओळ वेळेवर घेता आली नाही. शौकीने सांभाळून घेतलं. लोकांना वाटलं, गाणं तसंच आहे.

रात्री झोप नाही लागली, भीतीने नाही, नुसत्या आनंदाने. कपडे तीन वेळा बदलले. शेवटी निळा झगाच घातलाय.

आता डोंगर दिसतोय, घरं दिसतायत, लोक सामान ओढत दाराकडे पळतायत. शौकी म्हणतोय, लिहिणं बंद कर, बाई, पोचलो. दोन मिनिटं.

तू समुद्रात असशील असं मी मनाला पढवून ठेवलं होतं. दोन तासांचा रस्ता कापून पालेर्मोपर्यंत येशील, हे तर मनातही आणलं नव्हतं. पण धक्क्यावर पांढरा सदरा घालून, केस पाणी लावून चापून बसवलेला एक माणूस उभा आहे, आणि मी चष्म्याच्या दुकानात काम करते, मला लांबचं नीट दिसतं. तूच आहेस. काळा झालायस. गाड्या उतरतात त्या दाराकडे टक लावून बघतोयस आणि प्रत्येक गाडीच्या आत वाकून बघतोयस. अरे, माणसं दुसऱ्या बाजूने उतरतात! तो बघ, एका ड्रायव्हरने तुला हात करून बाजूला केलं.

पत्र पुरे. हाक मारते.